नियम कडक हवेत, आणि ते पाळायला भांडवलही

प्रदूषणाचा एखादा नियम कडक होऊ लागला की ठरल्याप्रमाणे एक निवेदन मंत्रालयाकडे निघते. लहान उद्योग बंद पडतील, कामगार रस्त्यावर येतील, तेव्हा मुदत वाढवा, निकष शिथिल करा, असा त्याचा मजकूर असतो. त्यातली भीती खोटी नाही. पंचवीस-तीस कामगारांच्या कारखान्याने सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा बसवायची म्हटली तर अनेकदा वर्षभराचा नफाही पुरत नाही. पण या भीतीवर सुचवलेला उपाय चुकीचा आहे, आणि तो सर्वांत जास्त लहान उद्योजकालाच नडतो. नियम सैल झाला की ऐपत असूनही पाणी साफ न करणाऱ्याचे फावते, आणि कर्ज काढून यंत्रणा बसवणारा बाजारात मागे पडतो. म्हणून लहान उद्योगांच्या संघटनांनी आता वेगळी मागणी करायला हवी. पर्यावरणाचा नियम कडक ठेवा, तो सर्वांना सारखा लावा, आणि तो पाळण्यासाठी लागणारे भांडवल न्याय्य अटींवर मिळण्याची सोय त्याच आदेशात करा. आज नियमाची तक्रार पर्यावरण खात्याकडे जाते, कर्जाची तक्रार बँकर्स समितीच्या बैठकीत होते, आणि दोन्हीकडे अर्धाच प्रश्न पोहोचतो. अर्ध्या प्रश्नाला मिळणारे उत्तरही अर्धेच असते.

हे नीट पाहायचे असेल तर इचलकरंजीकडे पाहावे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांच्या पाण्याने झालेली पंचगंगा कोल्हापूरवरून इचलकरंजीला येते आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या वाटेत तिच्यात दोन्ही शहरांचे मैलापाणी मिसळते, काठच्या गावांची गटारे मिसळतात, साखर कारखान्यांचे आणि कापड प्रक्रिया उद्योगांचे सांडपाणी मिसळते. इचलकरंजीचा काळा ओढा यातला मोठा वाटा नदीत आणून सोडतो. पुढे शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वारंवार येतात. २०१२ साली शहरात काविळीची साथ आली, माणसे दगावली, आणि पंचगंगेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. नदीकाठच्या या शहराला पिण्याच्या पाण्यासाठी कृष्णेपर्यंत जावे लागले, मग वारणेकडे आणि दूधगंगेकडे पाहावे लागले, आणि त्या दोन्ही नद्यांच्या काठच्या गावांनी पाणी द्यायला विरोध केला. त्या गावांना दोष देता येणार नाही. आपली नदी नासवलेल्या शहराला दुसऱ्याने आपली नदी का द्यावी, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे.

या शहराचे पोट यंत्रमागावर चालते. एक लाखाहून अधिक माग असलेल्या इचलकरंजीत प्रत्यक्ष विणकामातून सांडपाणी जवळजवळ निघत नाही. सुताला खळ चढवणाऱ्या सायझिंगमधून ते थोडे निघते, आणि कापड धुणे, ब्लीच करणे, रंगवणे, छापणे या प्रोसेसमधून पुष्कळ. तरीही प्रोसेस बंद करण्याचा आदेश आला की पहिला फटका बसतो तो खर्चीवाल्या यंत्रमागधारकाला. व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारा हा माणूस. कोरे कापड गोदामात अडकले की व्यापारी सुताचे नवे बीम देणे थांबवतो, माग थांबतात, वीजबिल आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणजे ज्याने नदीत एक बादली रंगीत पाणी सोडले नाही, त्याचीच चूल आधी विझते. याच्या घरातले लोकही तेच पाणी पितात. काविळीच्या साथीत दवाखान्याचे बिल भरणारा तोच, आणि बंदीच्या काळात मजुरी बुडणाराही तोच. लहान उद्योजकाचे हित आणि नदीचे हित एकमेकांच्या विरोधात उभे आहेत असे जे नेहमी सांगितले जाते, त्याचा पोकळपणा इथे उघड होतो.

प्रोसेसवाल्यांमध्येही सगळे एका माळेचे मणी नाहीत. कापडावरची प्रक्रिया मीटरच्या दराने होते आणि त्या दरात काही पैशांचा फरक पडला तरी व्यापारी काम दुसरीकडे नेतो. एक कारखानदार आपल्या आवारातली शुद्धीकरण यंत्रणा रोज चालवतो, त्यासाठी वीज, रसायने आणि माणसे ठेवतो, सामायिक शुद्धीकरण केंद्राची वर्गणी भरतो. शेजारचा रात्री झडप उघडून पाणी ओढ्यात सोडतो आणि दर कमी लावतो. तपासणी ढिली असेल तर व्यापारी दुसऱ्याकडे जाणार, हे उघड आहे. पर्यावरणाच्या नियमातली प्रत्येक ढिलाई म्हणजे प्रामाणिक माणसाच्या खिशातून अप्रामाणिक माणसाला दिलेले अनुदान आहे. मोठ्या कंपनीला असा तोटा काही काळ सोसता येतो, लहान प्रामाणिक उद्योजकाला येत नाही. तो एक तर दिवाळखोर होतो किंवा शेजाऱ्यासारखा वागायला लागतो. नियमाची कडक आणि समान अंमलबजावणी हे त्याचे संरक्षण आहे, ते त्याच्या संघटनेने मागितले पाहिजे.

कायदे नाहीत असेही नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यातले कलम ३३अ प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारखाना बंद करण्याचा, त्याचे पाणी आणि वीज तोडण्याचा अधिकार देते. वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजावी हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानले. पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की शुद्धीकरण यंत्रणा चालू नसेल तर उद्योग चालू देऊ नका. ही सगळी हत्यारे बंद करण्याची किंवा वसुली करण्याची आहेत. कारखाना सुरू ठेवून तो स्वच्छ कसा करायचा, त्याचे पैसे कुठून आणायचे, यावर पर्यावरणाचा कायदा गप्प आहे. मंडळाचा अधिकारी नोटीस देतो आणि त्याचे काम संपते. पुढचा प्रवास उद्योजकाने एकट्याने बँकेच्या दारात करायचा असतो.

बँकेत काय होते ते समजून घेतल्याशिवाय हा गुंता सुटणार नाही. कर्ज मागायला गेलेल्याला शाखाधिकारी विचारतो, या यंत्रसामग्रीने उत्पन्न किती वाढेल? नव्या मागासाठी, कापड ताणून वाळवणाऱ्या नव्या स्टेंटरसाठी याचे उत्तर देता येते. सांडपाण्याच्या यंत्रणेसाठी खरे उत्तर असे की उत्पन्न वाढणार नाही, उलट दरमहा खर्च वाढेल. बँकेच्या हिशेबाच्या पद्धतीत हे कर्ज बसतच नाही. ऊर्जाबचतीच्या यंत्रांचे तसे नाही. तिथे विजेचे बिल कमी होते, त्यातून हप्ता फिटतो, म्हणून कर्ज देणे सोपे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या एक हजार कोटींच्या ऊर्जाकार्यक्षमता योजनेत सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत आहे, आणि ती चांगलीच योजना आहे. पण जिथे खर्च भरून निघण्याची आशा असते तिथे सवलत मिळते, आणि जिथे फायदा नदीला, खालच्या गावाला, साऱ्या समाजाला होतो तिथे मात्र उद्योजकाने घरचे दागिने गहाण टाकायचे, हा उलटा न्याय आहे. सामायिक शुद्धीकरण केंद्रांसाठी २०१२ मध्ये सुधारलेल्या केंद्राच्या योजनेत निम्मा खर्च केंद्र, पाव खर्च राज्य आणि उरलेला पाव सभासद उद्योग असे सूत्र होते. कागदावर ते उदार दिसते. पण तो शेवटचा पाव हिस्सा उभारायला, आवारातल्या प्राथमिक शुद्धीकरणाला आणि रोज यंत्रणा चालवायला लहान सभासदाकडे पैसे नसतात. मग केंद्र कमी क्षमतेने चालते, वर्गणी थकते, आणि पाणी पुन्हा ओढ्यात येते.

याहून गंभीर गोष्ट अशी की पर्यावरणाचा आदेश आणि बँकेचा नियम एकमेकांना कापतात. बंदीच्या आदेशाने कारखाना तीन महिने थांबला की हप्ते थकतात, आणि ९० दिवसांनंतर खाते थकीत, म्हणजे एनपीए ठरते. एनपीए झालेल्याला नवे कर्ज कोण देणार? पण नवे कर्ज मिळाल्याशिवाय शुद्धीकरण यंत्रणा बसत नाही आणि ती बसल्याशिवाय बंदी उठत नाही. या फेऱ्यात अडकलेला उद्योजक एक तर कायमचा बंद पडतो किंवा चोरून सुरू करतो. यावर तोड कायद्यातच आहे. अडचणीतल्या लहान उद्योगांचे पुनरुज्जीवन करण्याची चौकट केंद्र सरकारने २०१५ मध्ये आणि रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये आखून दिली. खाते थकीत ठरण्याआधीच अडचणीची लक्षणे ओळखून समितीपुढे उपाययोजना ठेवावी, असे ती सांगते. १ ऑगस्ट २०२४ रोजी प्रो निट्स विरुद्ध कॅनरा बँक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचे सांगितले, आणि उद्योजकानेही वेळेवर आपली कागदपत्रे बँकेपुढे ठेवली पाहिजेत हेही बजावले. प्रदूषण मंडळाची नोटीस ही अडचणीची पहिली खूण मानून त्याच दिवशी ही समिती बसवावी, एवढा बदल केला तरी कित्येक कारखाने बंद न होता स्वच्छ होतील. त्याला नवा कायदा लागत नाही.

न्याय्य कर्जाचा प्रश्न अर्थातच सांडपाण्यापुरता नाही. यू. के. सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालच्या रिझर्व्ह बँकेच्या समितीने २०१९ मध्ये लहान उद्योगांच्या कर्जाची तूट २० ते २५ लाख कोटी रुपये असल्याचा अंदाज दिला होता. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नका, हे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच सांगितले. तरीही घराचा उतारा घेऊन या, जामीनदार आणा, हे शब्द शाखांमधून ऐकू येतात अशी तक्रार सुटलेली नाही. तिथून परत फिरलेला माणूस जास्त व्याज घेणाऱ्या वित्त कंपनीकडे किंवा सावकाराकडे जातो. काही सुधारणा झाल्या आहेत आणि त्यांचे श्रेय द्यायला हवे. ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाच्या सगळ्या अटी आणि खर्च एका पत्रकात स्पष्ट लिहून द्यावे लागतात, आणि १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या बदलत्या व्याजदराच्या बहुतेक कर्जांवर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. पण कर्ज कोणाला नाकारले, कोणत्या तालुक्यात, कोणत्या कारणाने, याची माहिती लोकांपुढे येत नाही. अमेरिकेत २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यात कलम १०७१ घालून लहान उद्योगांच्या कर्ज अर्जांची, मंजूर आणि नामंजूर दोन्हींची, माहिती जमवणे बंधनकारक केले. त्याचे नियम यायला २०२३ उजाडले आणि त्यावर तिथे अजून वाद आहेत, इतका बँकांचा विरोध चिवट होता. आपल्याकडे अशी मागणीसुद्धा कोणी जोरात केलेली नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी आणि सोलापूर या चार यंत्रमाग शहरांतल्या नाकारलेल्या अर्जांची कारणे एका वर्षासाठी जाहीर झाली तरी बरेच बोलता येईल.

आणि भांडवलाचा आणखी एक झरा लहान उद्योजकाच्या हक्काचा असून आटलेला आहे, तो म्हणजे त्याचे स्वतःचे अडकलेले पैसे. २००६ च्या कायद्याप्रमाणे मोठ्या खरेदीदाराने ४५ दिवसांत बिल चुकते करायला हवे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यायला हवे. कायदा आहे, पण ग्राहक हातचा जाईल या भीतीने फार थोडे लोक ते व्याज मागतात. लहान कारखाना आपल्या मोठ्या ग्राहकाला नकळत बिनव्याजी कर्ज देत राहतो आणि स्वतः चढ्या व्याजाने पैसे उचलतो. हे पैसे वेळेवर आले असते तर अनेकांना शुद्धीकरण यंत्रणेचा स्वतःचा हिस्सा उभारणे जमले असते.

नियम आणि भांडवल वेगळे केल्यावर काय होते आणि एकत्र आणल्यावर काय होते, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा तमिळनाडूतल्या तिरुप्पूरमध्ये आहे. होजिअरीच्या या गावाने नोय्यल नदीत इतके रंगीत, खारे पाणी सोडले की सिंचनासाठी १९९२ मध्ये बांधलेले ओरथुपालयम धरण सांडपाण्याचे तळे झाले. शेतकरी न्यायालयात गेले. अनेक वर्षांच्या मुदतवाढींनंतर, ज्या मुदतवाढी लहान उद्योगांच्याच नावाने मागितल्या गेल्या होत्या, मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये सगळे रंगकाम बंद केले. सातशेहून अधिक रंगशाळांना कुलपे लागली, कामगार गावी परतले, मालाच्या मागण्या दुसऱ्या शहरांत गेल्या, आणि रंगकामाचा काही भाग चोरीछुपे इतर जिल्ह्यांत सरकला. नुसता कडकपणा काय करतो ते तिरुप्पूरने त्या वर्षी भोगले. मग राज्य सरकारने सामायिक केंद्रांना शून्य विसर्गाची, म्हणजे सांडपाणी बाहेर न सोडण्याची, व्यवस्था पुरी करण्यासाठी २०० कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. केंद्रे उभी राहिली, पाणी उलट परासरणाने आणि बाष्पीभवनाने शुद्ध करून पुन्हा रंगकामात वापरले जाऊ लागले, त्यातले मीठही परत मिळू लागले. आज तिरुप्पूरची विणकपड्यांची निर्यात ४० हजार कोटी रुपयांच्या घरात आहे, बंदीच्या वर्षाच्या दुपटीहून जास्त. तिथले सगळे प्रश्न संपलेले नाहीत. उरलेल्या मिश्र क्षारांचे आणि गाळाचे काय करायचे हे अजून नीट सुटलेले नाही, आणि यंत्रणा चालवण्याचा विजेचा खर्च जड आहे. पण ज्या नियमाने उद्योग मरणार असे म्हटले जात होते, तो पाळून उद्योग जगला आणि वाढला. ते २०० कोटी दहा वर्षे आधी मिळाले असते तर कुलपे लागलीच नसती.

यावर पहिला आक्षेप येईल तो स्पर्धेचा. आम्ही पाणी साफ करणार आणि शेजारच्या राज्यातला करणार नाही, मग आमचा माल कोण घेणार? आक्षेप खरा आहे, म्हणूनच मागणी एका गावापुरती ठेवून चालणार नाही. इचलकरंजीचा नियम भिवंडीला, भिवंडीचा सुरतेला लागला पाहिजे, आणि त्यासाठी महाराष्ट्रातल्या संघटनांनी सगळ्या राज्यांतल्या केंद्रांवर सांडपाण्याची सारखी, सतत चालू राहणारी मोजणी मागायला हवी. निर्यातीच्या बाजारात तर परदेशी खरेदीदारच आता पाण्याचा हिशेब विचारतात. तिथे स्वच्छ कारखाना मागे राहत नाही.

दुसरा आक्षेप बँकांचा. लहानांचे कर्ज बुडते, ठेवीदारांचे पैसे आम्ही कुठे ओतायचे? ठेवीदाराची काळजी महाराष्ट्राला सांगायला नको. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि २०२२ मध्ये रुपी बँकेचा परवाना गेला, तेव्हा किती छोट्या व्यापाऱ्यांची पुंजी अडकली हे आपण पाहिले आहे. पण थकबाकीचा डोंगर कोणी रचला, हे रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांत दिसते. मार्च २०१८ मध्ये, थकीत कर्जे शिगेला पोहोचली होती तेव्हा, पाच कोटींहून मोठ्या कर्जदारांचा एकूण कर्जातला वाटा निम्म्याहून थोडा अधिक होता आणि थकीत कर्जातला वाटा ८० टक्क्यांहून जास्त. शिवाय लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा सरकार आणि सिडबी या लघुउद्योग विकास बँकेचा निधी २००० सालापासून आहे. त्या हमीत शुद्धीकरण यंत्रणेसाठी, तिचे उत्पन्न शून्य धरून, एक वेगळा कप्पा उघडता येईल. सामायिक केंद्राच्या कंपनीलाही ही हमी मिळावी, कारण तिच्याकडे तारण द्यायला यंत्रणेशिवाय दुसरे काही नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त पटतो. नदी घाण होते त्यात शहरांच्या मैलापाण्याचा वाटा मोठा आहे, मग नोटिसा फक्त कारखान्यांनाच का? बरोबर आहे. महापालिकेचा मैला विनाप्रक्रिया नदीत जात असताना सायझिंगवाल्याला दंड करणे हा अन्याय आहे, आणि तो अन्याय मोडण्याची मागणी करण्याचा हक्क लहान उद्योजकाला आहे. मात्र ती मागणी त्यांनाही तेच नियम लावा अशी असली पाहिजे. त्यांना लागू नाही म्हणून आम्हालाही नको, असे म्हणणाऱ्याच्या बाजूने कोणी उभे राहणार नाही, आणि नदीकाठचा शेतकरी तर मुळीच नाही.

ही मागणी पुढे येण्यात संघटनांची आतली रचनाही आड येते. औद्योगिक वसाहतींच्या बहुतेक संघटनांत पदाधिकारी होतात ते मोठे सभासद, कारण वेळ आणि ओळखी त्यांच्याकडे असतात. मुदतवाढ मिळाली तर मोठ्या प्रदूषकाचा फायदा मोठा, तरी निवेदनावर नाव लहानांचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेली ती मात्र मांगेला समाजाची, म्हणजे मच्छीमारांची संघटना होती. होडी, जाळी आणि डिझेलासाठी कर्ज काढणारा मच्छीमार हाही लहान उद्योजकच आहे. बँकेने तारण मागून परत पाठवलेल्यांत तोही असतो, आणि खाडी मेली की सगळ्यात आधी तो बुडतो. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीच्या पाण्याने दाभोळ खाडीचा मासा गेला म्हणून वर्षानुवर्षे आंदोलन करणाऱ्यांचेही तेच. तेव्हा इचलकरंजीच्या सायझिंग आणि प्रोसेसवाल्यांनी पुढचे निवेदन लिहिताना त्यावर शिरोळच्या शेतकऱ्यांच्या आणि खर्चीवाल्यांच्या सह्या मागाव्यात, आणि त्याची एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला, दुसरी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेला एकाच दिवशी द्यावी. त्यात मुदतवाढीचा शब्द नसावा. नोटीस आणि कर्जाचा प्रस्ताव एकाच बैठकीत, मंडळाच्या आणि बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर, साठ दिवसांत निकाली काढावा, एवढी एकच मागणी असावी.